पेटीतून काढला का?

१

नांदेडच्या देगलूर नाक्याजवळच्या त्या चष्म्याच्या दुकानात एक रिवाज होता. फ्रेममध्ये काचा बसल्या, काड्या सरळ झाल्या, मऊ फडक्यानं पुसून झालं, तरी चष्मा लगेच गिऱ्हाइकाच्या हातात जात नसे. आधी तो पेटीतून जायचा. आणि रोज संध्याकाळी, असरची, दिवस कलतानाची नमाज आटोपली की वरच्या मजल्यावरून सुलतानबी जिन्यात वाकून विचारायच्या, "पेटीतून काढला का?" कुणाचा चष्मा, कसला, हे त्यांना ठाऊक नसे. दिवसाला एखादा तरी झालाच असेल, या अंदाजावर त्या विचारत. खालून "हाव" आलं की परत आत.

इकरा सून म्हणून या घरात आली त्याला पाच महिने होत आले होते. माहेर लातूरचं. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि लग्नाआधी वर्षभर तिथल्या एका क्लासच्या डाउट काउंटरवर बसलेली. लेक्चर संपलं की पोरं वह्या घेऊन रांगेत उभी राहायची. हिनं एकेकाचा डाउट सोडवायचा आणि पुढच्याला बोलवायचं. बोलायला ती कमी, पण रांग तिच्यापुढंच मोठी. मुलगी बघायला आलेल्या सुलतानबींनी तिला नखशिखांत न्याहाळलं होतं आणि तिच्या आईला म्हणाल्या होत्या, "सगळं ठीक हाय. उजव्या हाताची करंगळी तेवढी रुसून बाजूला बसलीय." ती करंगळी लहानपणी एसटीच्या खिडकीत चेंगरली होती आणि वाकडीच जुळली होती. पुढं लग्न ठरलं, म्हणजे करंगळी माफ झाली असावी.

पेटी तिला नवऱ्यानं, जीशाननं दाखवली. नव्या नवरीला लोक नदीचा घाट दाखवतात. यानं पेटी दाखवली. त्याच्या वडिलांनी, दस्तगीरमियांनी, ती हातानं बनवलेली. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. जुन्या रेडिओएवढं लाकडी खोकं. मागं बल्ब, बल्बपुढं एक काळपट चकती, मग वीतभर मोकळी जागा, मग दुसरी काळपट चकती, आणि तिच्यातून डोकवायचं. चकत्या फुटक्या टीव्हीच्या पडद्यावरून सोललेल्या. एक आडवी लावलेली, एक उभी, त्यामुळं दोन्हींतून मिळून उजेड पार होत नाही. नुसतं डोकावलं तर अंधार. पण मधल्या जागेत चष्मा धरला, आणि फ्रेमनं काचेला कुठं जास्त आवळलं असेल, तर नेमकी तेवढीच जागा रंगीत होऊन उठते. कारण काच म्हणायची, असतं प्लॅस्टिकच; आणि प्लॅस्टिकला ताण पडला की या दोन चकत्यांमध्ये ते लपवू शकत नाही. रंग दिसला की स्क्रू अर्धा आटा सैल करायचा. रंग विझतो. नाही केलं, तर महिन्या-दोन महिन्यांत काच त्याच जागी तडकते.

जीशाननं तिच्याच कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी मधल्या जागेत धरली आणि कडेवर अंगठा दाबला. अंधारात एक डोळा उघडला. आधी फिकट पिवळा, मग लाल, मग निळा. जोर वाढवला तसं त्याच्याभोवती दुसरं कडं, तिसरं कडं. अंगठा उचलला, डोळा मिटला.

इकरानं पुस्तकात हे वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. पुढचे पंधरा दिवस घरातली एकही पारदर्शक वस्तू सुटली नाही. कॅसेटची डबी, लोणच्याचा चमचा, चिकटपट्टीचं रीळ, सुलतानबींच्या तसबीहचा, म्हणजे जपमाळेचा डबा. प्रत्येकात काही ना काही रंग निघायचेच, कारण साच्यात ओतताना जो ताण आत अडकतो तो अडकलेलाच राहतो. त्याच्या ओघळांसारख्या रेघा दिसतात आणि त्या कधी हलत नाहीत. म्हणजे रंग दोन जातींचे. ओघळ जुने, कायमचे. डोळे ताजे, कुणी दाबत असेल तोवरच. तिनं हे वहीत लिहून ठेवलं, सवयीनं.

"दुल्हन, उद्या मलापण घाल त्यात," सुलतानबी म्हणाल्या. "बघ, कुठं कुठं आवळली गेलेय ते."

२

चूक पट्टीतच सुरू झाली.

एका बुधवारी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. रस्त्यावर खोदकाम चाललेलं, यंत्राची घरघर आणि धूळ. इकरानं पट्टी पेटीत धरली ती निव्वळ करमणूक म्हणून. टोकाला धरली होती, दोन बोटांत, हलकीच. ओघळ ओळखीचे होते. पण त्यांच्यावर, मधोमध, पाच डोळे उघडे होते. चार वरच्या कडेला, एक खालच्या.

तिथं तिची बोटं नव्हती. कुणाचीच नव्हती.

तिनं पट्टी काढली, पुसली, उलटी धरली. डोळे पट्टीबरोबर उलटे झाले. म्हणजे पेटीत काही नव्हतं, जे होतं ते पट्टीत होतं. तिनं प्रत्येकाची कडी मोजली. चार, चार, तीन, तीन, आणि खालच्याला चार. मग काउंटरवर बसून तिनं स्वतःलाच डाउट विचारला आणि स्वतःच सोडवला: ड्रॉवरमध्ये कशाखाली तरी दबली असेल, उन्हात तापली असेल, ताण आत गोठला असेल. उत्तर बरं होतं. एखाद्या पोरानं मान डोलवून वही मिटली असती.

शुक्रवारी नव्या फ्रेमांचा डबा आला आणि त्याचं झाकण निघेना. हाताशी पट्टी होती. इकरानं ती झाकणाखाली घातली, मुठीत आवळली आणि वर उचकटली. झाकण निघालं. पट्टी मोडली.

आवाज लहानच होता. पण ती तिथंच थांबली. तिचा हात अजून तुकड्यावर आवळलेला होता. चार बोटं वर, अंगठा खाली. तिनं दोन्ही तुकडे जुळवून पेटीत धरले. ओघळ होते. पाच डोळे मिटले होते.

३

यानंतर तिनं लक्ष ठेवलं. भीतीपेक्षा उत्सुकतेनंच. ज्याला भीती वाटते तो पेटी झाकून ठेवतो. ती सकाळी झाडलोट झाली की आधी पेटीचं बटण दाबायची.

दहा दिवस काही नाही. मग बडीशेपेच्या बरणीचं झाकण. त्यावर पाच डोळे, गोल पसरलेले, दोन-दोन कड्यांचे. तिनं झाकण तसंच घेऊन जीशानला दाखवलं. त्यानं डोकावून पाहिलं, आणि त्याला दिसलेही.

"आहेत की," तो म्हणाला.

"कुणी दाबून राहिलं नाही."

"साच्यात दबलं असंल. स्वस्तातला माल हाय, इकरा. दहा रुपयांच्या बरणीत तू काय शोधून राहिलीस." मग तिच्या चेहऱ्याकडं पाहून त्यानं हसत विचारलं की, क्लासची सवय जात नाही का अजून, डाउट आला नाही तर घरचे आणून सोडवतेस का. तिनंही हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी झाकण घट्ट बसलं होतं, तिनं जोर लावून फिरवलं, आणि पेटीत पाहिलं तेव्हा ते कोरं होतं.

तिला आठवलं की कागदावर तिनं आदल्या दिवशीच्या डोळ्यांची जागा उतरवून घेतली होती. तिनं कागदावर उजवा हात ठेवला. अंगठा अंगठ्यावर. तीन बोटं तीन डोळ्यांवर. चौथा डोळा मात्र फटकून बाजूला होता, दुसऱ्या कुणाची करंगळी तिथं पोचलीच नसती.

तिची पोचली.

त्या संध्याकाळी सुलतानबींनी जिन्यातून विचारलं तेव्हा तिनं करंगळी मुठीत मिटून "हाव" म्हटलं.

म्हणजे डोळे तिच्याच हाताचे होते, फक्त हात यायच्या आधी आलेले. ही गोष्ट वहीत लिहिताना तिला हसू आलं. डाउट काउंटरवर कुणी हे विचारलं असतं तर तिनं त्याला पाणी प्यायला पाठवलं असतं. तरी शास्त्राची शिस्त तिनं सोडली नाही. पुढचा प्रयोग उघड होता: डोळे दिसलेल्या वस्तूला हातच लावायचा नाही.

संधीही मिळाली. फ्रेमा मांडायचा पारदर्शक ट्रे, कडेला पाच डोळे, तीन कड्यांचे. तिनं तो वरच्या फळीवर ठेवला आणि आठ दिवस त्याला शिवली नाही. जीशानला काढायला सांगायची, ठेवायला सांगायची. नवव्या दिवशी रस्त्यावरच्या यंत्रानं असा धक्का दिला की फळीचा खिळा सुटला. ट्रे घसरला. त्याच्याखाली काउंटरपाशी एक म्हातारी नंबर काढायला बसलेली होती, मान वर करून. इकरानं काही ठरवलं नाही. हात आपला आपण गेला आणि ट्रे म्हातारीच्या कपाळापासून चार बोटांवर धरला गेला.

म्हातारीनं दुवा दिली. इकरा ट्रे छातीशी धरून उभी राहिली. पेटीत बघायची गरज नव्हती. तरी तिनं पाहिलं. कोरा.

४

सुलतानबींना दमा होता. पंप थेट तोंडात मारला तर औषध जिभेवरच बसतं, म्हणून डॉक्टरांनी एक पारदर्शक प्लॅस्टिकचं नळकांडं दिलेलं. एका टोकाला पंप बसवायचा, दुसऱ्या टोकाला नाक-तोंड झाकणारा मास्क. मधे फुगीर, म्हणून घरात त्याला भोपळा म्हणत. दर शुक्रवारी भोपळा कोमट पाण्यात धुऊन उलटा ठेवायचा, हे काम सुनेचं.

आणि हा दमाच तिच्या वाटेतही होता. क्लासची एक शाखा नांदेडात निघाली होती आणि त्यांनी इकराला बोलावलं होतं. लग्नाआधी ही बोलणी झाली होती, जीशानची ना नव्हती. सुलतानबींनी नाही म्हटलं नाही. त्या फक्त म्हणायच्या, "थंडी जाऊ दे. थंडीत माझा दम मला एकटीला राहू देत न्हाई." क्लासवाल्यांना महिनाअखेरीला उत्तर हवं होतं. थंडी अजून नीट आलीसुद्धा नव्हती. इकरा "बरं अम्मी" म्हणायची. बरं म्हणणं तिला चांगलं जमायचं. ती त्यात कधी नापास झाली नव्हती.

त्या शुक्रवारी तिनं भोपळा धुतला, पुसला आणि खाली नेला. तो मधल्या जागेत जेमतेम मावला.

त्यावर डोळे होते.

मास्कच्या अलीकडं, टणक भागावर. चार वर, एक खाली. चौथा फटकून बाजूला. समोर बसून कुणाच्या तोंडावर धरावा, तसे. तिनं कडी मोजायला सुरुवात केली. बरणीला दोन होती. पट्टी मोडली तेव्हा चार. इथं ती पाचावर गेली, सहावर गेली. मग कडी इतकी दाट झाली की सुईच्या टोकानं मोजावी लागली. नऊ.

बाहेर यंत्र थांबलं होतं. पेटीतल्या बल्बची बारीक गुणगुण ऐकू येत होती. एवढा जोर आपल्या हातात आहे हे इकराला माहीत नव्हतं.

औषध देताना मास्क नुसता टेकवायचा असतो. नऊ कड्यांनी दाबला, आणि मागं भिंत असेल, तर त्या माणसाला मान फिरवता येणार नाही. हे तिनं वहीत लिहिलं नाही.

ती उठली, दुकानाचं शटर निम्मं ओढलं आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नवा भोपळा विकत घेतला. सील केलेला, कंपनीच्या पाकिटात. पाकीट न फोडताच तिनं तो पेटीत धरला. पाकिटाच्या चुरगळलेल्या प्लॅस्टिकचे सतरा रंग उमटले, आणि त्यांच्या आत, शांतपणे, तेच पाच उघडे होते.

५

सोमवारी रात्री जेवणं झाल्यावर तिनं जीशानला विचारलं की उद्याचं लातूर टाळता येईल का. अवघड नंबरच्या काचा लातूरच्या लॅबमध्ये घासून मिळायच्या, म्हणून दर मंगळवारी तो पहाटेच्या एसटीनं जायचा. त्यानं कारण विचारलं.

"मी रागात कशी दिसते?" तिनं विचारलं.

जीशाननं खरंच विचार केला. "तू रागावलेली मी पाहिलीच न्हाई," तो म्हणाला. "अम्मी म्हणते, पोरगी न्हाई, पाणी हाय."

मंगळवारी तो गेला. तिच्या आईसाठी त्यानं पिशवीत दोन किलो सीताफळं नेली.

दुपारी इकराचा फोन वर चार्जिंगला होता. ती जेवायला वर गेली तेव्हा तो सुलतानबींच्या हातात होता.

"तुझ्या क्लासचा आला होता," त्या भाजी वाढता वाढता म्हणाल्या. "मी सांगून टाकलं, ती येणार न्हाई म्हणून. उगं लोकांना लटकत ठेवू नये."

"बरं अम्मी," इकरा म्हणाली. पोळीचा घास तिनं व्यवस्थित चावून खाल्ला. ताट घासलं. खाली आली. लिंबाजी मास्तरांचा चष्मा तयार होता, संध्याकाळी न्यायला येणार होते. तिनं तो पेटीत धरला.

काचेच्या कडेवर तिच्या बोटाखाली डोळा उघडला, हे साहजिक होतं. धरलं की थोडा उघडतोच. तिनं सवयीनं कडी मोजली. तीन.

तिला वाटत होतं ती चष्मा नेहमीसारखाच हलका धरून आहे. बोटं दुखत नव्हती. नखं पांढरी झालेली नव्हती, असं तिला वाटलं. मग तिनं पाहिलं आणि ती पांढरी होती. तिनं बोटं सैल करायचा प्रयत्न केला. पेटीत चौथं कडं उमटलं.

तेवढ्यात वरून आवाज आला. आधी ती लांब शिट्टी, जी सुलतानबींच्या छातीतून यायची. मग स्टीलचं भांडं फरशीवर.

६

सुलतानबी पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन्ही हात गादीवर रोवलेले, खांदे कानाला लागलेले. खिडकी उघडी राहिली होती आणि रस्त्याची लाल धूळ उशीवर बसली होती. जुनाच भोपळा उशाशी, हाताच्या अंतरावर होता. त्यांनी तो घ्यायला हात उचलला. हात एवढा थरथरला की भोपळा लांबच ढकलला गेला.

इकरा दारात उभी राहिली. उजवा हात तिनं पाठीमागं, ओढणीत गुंडाळला होता.

डाव्या हातानं तिनं समोरच्या दानम्माकाकूंना फोन लावला. रिंग वाजत राहिली. ती समोरच्या बंद घरातून, खिडकीतून, ऐकूही येत होती. जीशान तीन तासांवर. रिक्षा आणायची तर खोदलेल्या रस्त्याला वळसा घालून यायची.

"दुल्हन," सुलतानबी म्हणाल्या. दोन श्वास मधे गेले. "भोपळा."

हात न लावणं हेही दाबण्यापेक्षा काही कमी नव्हतं. हे तिला दारातच कळलं. इथं नुसतं उभं राहिलं तरी पुरेल; काही दाबायला लागणार नाही, कडी मोजायला लागणार नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत घर शांत होईल. हा विचार कुणाचा होता हे तिनं स्वतःला विचारलं नाही. ती पुढं झाली.

तिनं भोपळा डाव्या हातात घेतला. डाव्या हाताची करंगळी सरळ होती. मास्क सासूच्या तोंडावर टेकवला आणि उजव्या हाताचं एकच बोट ओढणीतून काढून पंप दाबला. फुस्स. आतला पडदा टकटक हलला. एक श्वास. दुसरा. सुलतानबींच्या घामानं मास्क घसरला. डावा हात सरकला, भोपळा कलंडला, औषधाचा पांढरा धूर कडेनं निसटला. सुलतानबींचे डोळे मोठे झाले.

उजवा हात आपला आपण गेला, ट्रेला गेला होता तसाच.

चार बोटं वर, अंगठा खाली. करंगळी फटकून, नेमकी आपल्या जागी. इकरा त्या हाताकडं दुसऱ्या कुणाच्या हाताकडं पाहावं तशी पाहत होती. मागं भिंत होती. आता, तिला वाटलं. तिनं मनात कडी मोजायला सुरुवात केली.

टक. टक. पडदा हलत राहिला. डाव्या हातानं तिनं पुन्हा पंप दाबला. हात काही करत नव्हता. नुसता धरून होता. आठव्या श्वासाला शिट्टी बारीक झाली, पंधराव्याला खांदे खाली आले. इकराच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिच्याकडं हात मोकळा नव्हता.

अर्ध्या तासानं सुलतानबींनी कोमट पाणी मागितलं, प्यायल्या, आणि तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. वाकडी करंगळी त्यांनी अंगठ्यानं कुरवाळली.

"हात हलका हाय तुझा," त्या म्हणाल्या. "ह्यांचा होता तसा. काच धरत ना, तर काचेला कळायचं न्हाई." मग जरा दम घेऊन, मायेनं, "आता तर तुला मी कुठंच जाऊ देत न्हाई."

"बरं अम्मी," इकरा म्हणाली.

७

ती जिना उतरली ती जवळजवळ धावतच. भोपळा धुवायच्या निमित्तानं बरोबर घेतला होता. बाहेर पाच वाजत आले होते, यंत्रवाले चहाला बसले होते, दुकानात तिरपं ऊन आलं होतं. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागल्यासारखं वाटलं. डाउट सुटला होता. हात दाबायला येणार नव्हताच, तो वाचवायला येणार होता; नऊ कडी म्हणजे भीतीचा जोर असेल, घाईचा असेल, तिला तेव्हा जाणवला नसेल. झालं ते होऊन गेलं. आता भोपळा कोरा असणार. पट्टीसारखा, झाकणासारखा, ट्रेसारखा.

तिनं पेटीचं बटण दाबलं. बल्ब गुणगुणला. दोन्ही टोकांना नखानं धरून तिनं भोपळा मधल्या जागेत सरकवला आणि डोळा चकतीला लावला.

मग तिनं टाचणी घेतली आणि टोकानं कडी मोजली. पहिल्या वेळी चुकल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा मोजली. पाचही डोळे उघडे होते. चौथा फटकून बाजूला. तिच्या आजच्या हातानं त्यांना धक्काही लावला नव्हता. नऊची दहा झाली होती.

म्हणजे आजचं ते हे नव्हतं. ते अजून यायचं होतं.

रंग दिसला की काय करायचं, हे तिच्या हाताला आता पाठ होतं. तो ड्रॉवरकडं गेला, बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला, आणि भोपळ्यावर इकडून तिकडं फिरला. भोपळ्याला कुठंच स्क्रू नव्हता.

वर चप्पल फरफटली. जिन्याचा कठडा करकरला. सुलतानबींचा आवाज थकलेला होता, पण रोजच्या वेळेला रोजच्यासारखाच आला.

"दुल्हन, पेटीतून काढला का?"

इकरानं बटण बंद केलं.

"हाव अम्मी," ती म्हणाली.